इंजिन बंद पडलं तर छोटं विमान हायवेवर उतरवावं की शेतात?

नवा_पंख (धागाकर्ता)

बारामती, धुळे, गोंदिया या भागांत प्रशिक्षणाची विमानं रोज उडतात. बरीचशी सेस्ना १५२ किंवा १७२, इंजिन एकच. ते वर असतानाच बंद पडलं आणि धावपट्टी आवाक्यात नसेल तर कुठे उतरायचं, यावर आमच्या अभ्यासगटात दोन तट पडलेत.

एक तट म्हणतो, सोलापूर हायवे किंवा समृद्धीसारखा सरळ, सपाट, पक्का रस्ता समोर दिसत असताना शेतात शिरणं म्हणजे वेडेपणा. दुसरा म्हणतो, रस्ता हा सर्वात शेवटचा पर्याय.

उदाहरण ठरवून घेऊ, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. सेस्ना १५२, जमिनीपासून ३,००० फूट, जुलै महिना, भिगवण ते इंदापूर पट्टा. एका अंगाला चार पदरी हायवे, दुसऱ्या अंगाला शेतं. काय निवडाल, आणि कोणत्या क्रमाने ठरवाल?

आणखी दोन शंका. हवाई दलासाठी हायवेवर धावपट्ट्या केल्यात, तशा ठिकाणी आपण उतरू शकतो का? आणि रस्त्यावर विमान उतरवणं कायद्याने गुन्हा ठरतो का?

बेस्टग्लाइड_६०

"हायवे की शेत" या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो: जमिनीला टेकताना वेग किती असेल, आणि तो संपवायला मोकळं अंतर किती मिळेल? जागेचं नाव काय, हे त्यानंतर.

या वर्गातल्या विमानांच्या सीट आणि पट्टे पुढच्या दिशेने ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) धक्का सोसतील अशा हिशेबाने बनवलेले असतात. ताशी ८० किमी वेग एकसारखा ९ जी ने संपवला तर थांबायला जेमतेम पावणेतीन मीटर लागतात. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १६० केला, तर तेच अंतर चौपट होऊन सव्वाअकरा मीटरवर जातं. एसटीच्या लांबीएवढं. म्हणून कमी वेगात बांधाला, झुडपाला, मऊ मातीला धडकलेल्या विमानातून माणूस चालत बाहेर येऊ शकतो. जास्त वेगात एखाद्या घन वस्तूवर आदळलं तर ती शक्यता फार कमी. पंख, चाकं, प्रोपेलर यांचा चुराडा होऊ दे, केबिन शाबूत राहिली पाहिजे. विमान वाचवायचा मोह झाला की निर्णय चुकायला लागतात, आणि हायवेचं आकर्षण बरेचदा त्या मोहातूनच येतं.

आता तुमचं उदाहरण. १५२ चा बेस्ट ग्लाइड, म्हणजे इंजिनाशिवाय सर्वात लांब तरंगत जाण्याचा वेग, ६० नॉट (ताशी ११० किमी). ढोबळमानाने १,००० फूट उंचीमागे दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर. ३,००० फुटांवरून सरळ रेषेत ८ किमी आणि हातात साधारण चार मिनिटं. पण वळणं, वारा, शेवटची जुळवाजुळव यात अर्धं अंतर जातं, म्हणून जागा ३ ते ४ किमीच्या आतलीच बघायची. क्षितिजावरचं हिरवंगार मैदान विसरा.

क्रम असा. नाक सावरून ६० नॉट, ट्रिम (त्या वेगावर विमान टिकवणारी जुळणी) लावून टाका. लगेच कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी कळ) ओढा, कारण एक्झॉस्ट गरम आहे तोवरच तिचा उपयोग. कार्बोरेटरमध्ये बर्फ झाला असेल तर उशिरा ओढून वितळत नाही. जुलैच्या दमट हवेत, २०-२५ अंशातसुद्धा, हा बर्फ होतो आणि थ्रॉटल कमी असताना जास्त होतो. मग वारा कुठून येतोय ते बघून जागा निवडा आणि विमान तिकडे वळवा. जागा पक्की झाल्यावरच बाकीची खटपट: फ्युएल व्हॉल्व्ह ऑन, मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) रिच, मॅग्नेटो (ठिणगी देणारे) बोथ, प्रायमर (हाताचा इंधनपंप) आत आणि लॉक. प्रोपेलर फिरत असेल तर स्टार्टरची गरज नसते. त्यानंतर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलत होता तिच्यावरच मेडे (संकटाची हाक), उत्तर नाही तर आणीबाणीची फ्रिक्वेन्सी १२१.५, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळख देणारं यंत्र) आणीबाणीचा कोड ७७००. रेडिओ शेवटी, कारण रेडिओवरचा माणूस तुमचं विमान उडवू शकत नाही.

तुमच्या चित्रात माझी पसंती: हायवेला समांतर, रस्त्यापासून दोनशे-तीनशे मीटर आत असलेलं, वाऱ्याच्या तोंडाला लांब पडणारं रान. वाहतूक वाटेत येत नाही आणि ॲम्ब्युलन्स मात्र जवळच्या रस्त्यावर येऊन उभी राहू शकते.

साकव_आणि_मोऱ्या

रस्त्याच्या बाजूने थोडी मापं. १५२ च्या पंखांचा विस्तार सव्वादहा मीटरच्या आत, १७२ चा ११ मीटर.

साधा दोन पदरी राज्य मार्ग: डांबर ७ मीटर, पुढे साइडपट्टी. जुन्या रस्त्यांना दोन्ही अंगांनी वड, चिंच, कडुनिंब. पंख डांबराच्या बाहेर दीड-दोन मीटर दोन्हीकडे जाणार आणि खोडं तिथेच. एक पंख खोडाला लागला की विमान त्या खोडाभोवती गरकन फिरतं. हा विषय इथेच संपला.

चार पदरी राष्ट्रीय महामार्ग: एका बाजूला ७ मीटर, अधिक दीड ते अडीच मीटर पक्का शोल्डर (कडेची पट्टी). मध्ये दुभाजक, त्यात कण्हेर आणि बोगनवेल, गावाजवळ दिव्यांचे खांब. बाहेरच्या कडेला क्रॅश बॅरिअर, त्याची वरची कड जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास. सेस्नाचे पंख डोक्यावर असल्याने बॅरिअरवरून जातील, पण खांबाला अडतील. पाइपर चेरोकीसारख्या खाली पंख असलेल्या विमानाची टोकं माणसाच्या कमरेच्या उंचीवर. बॅरिअर, किलोमीटरचे दगड, रिफ्लेक्टरचे खुंट, सगळं त्यांच्या वाटेत येतं. त्यामुळे "सेस्ना उतरली होती" हा दाखला पाइपरला लागू पडत नाही.

सहा पदरी द्रुतगती मार्ग: ३.७५ मीटरच्या तीन लेन म्हणजे सव्वाअकरा, अधिक ३ मीटर शोल्डर. कागदावर ११ मीटरचं विमान यात बसतं. पण डोक्यावरच्या हिरव्या फलकांच्या कमानी आणि ओव्हरपास यांच्याखाली साधारण साडेपाच मीटरच मोकळे सोडलेले असतात. टेकल्यावर त्यातून जाल (१७२ ची शेपटी २.७ मीटर), टेकण्याआधी नाही. आणि वरून बघताना वरचा पूल रस्त्याचाच एक तुकडा वाटतो, तो आडवा आलाय हे फार खाली आल्यावर कळतं.

तारांबद्दल वेगळं सांगतो, कारण लोक टॉवर बघतात आणि तार विसरतात. १३२ किंवा २२० केव्हीचे टॉवर वरून दिसतात. ११ केव्हीच्या शेतीफीडरचे खांब बारीक, तार तर दिसतच नाही. तो फीडर बरेचदा रस्त्याच्या कडेनेच धावतो आणि फाटा, ढाबा, पेट्रोल पंप आला की रस्ता ओलांडतो. म्हणून वस्ती, फाटा, पंप यांच्या आसपासचा रस्ता सोडायचा. खांबांच्या सावल्या बघा, सकाळी-संध्याकाळी त्या खांबापेक्षा आधी दिसतात. दोन्ही कडांना समोरासमोर खांब म्हणजे मध्ये तार आहे असं धरूनच चाला.

हवाई दलाच्या धावपट्ट्या: बाडमेरजवळ राष्ट्रीय महामार्ग ९२५ए वर ३ किमीची पट्टी ९ सप्टेंबर २०२१ ला सुरू झाली. सुलतानपूरजवळ पूर्वांचल द्रुतगती मार्गावर ३.२ किमीची, १६ नोव्हेंबर २०२१ ला. तिथे पक्का दुभाजक नसतो, पट्टी जाड आणि सरळ, आणि विमान येण्याआधी वाहतूक थांबवून, कुत्री-गुरं हाकलून, सगळा पट्टा झाडून घेतात. बाकीच्या दिवशी तो वाहतुकीचाच रस्ता. इंजिन बंद पडल्यावर चार मिनिटांत ती तयारी कोण करणार? योगायोगाने खाली तोच तुकडा असेल आणि रिकामा असेल तर उत्तम, पण त्यावर बेत आखू नका.

नवा_पंख

मापं फार उपयोगाची. पण शेताचं काय? जुलैत इंदापूर भागात ऊस, चिखल, बांध. शेत सुरक्षित हे आपण आपलं गृहीत धरतोय का?

माळरान

बरोबर पकडलंत. "शेत" ही एक जागा नाही. पीक आणि महिना सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

ऊस. वरून मखमली गालिचा. वाढलेला फड अडीच-तीन मीटर उंच असतो. त्यात उतरावंच लागलं तर उसाचा शेंडा हीच जमीन समजून तिथे फ्लेअर करायचा (टेकण्याआधी नाक हळूच वर घेऊन वेग मोडायचा), स्टॉलच्या (पंखांची उचल संपते त्या) वेगाला आणून विमान अलगद ठेवायचं. खालच्या मातीच्या हिशेबाने फ्लेअर केलात तर चाकं आधी शेंड्यात गुंततात, नाक खाली जातं आणि विमान पालथं. जुलैत लावलेला आडसाली ऊस असेल तर वेगळंच दुखणं: चार-पाच फुटांवर खोल सऱ्या. सरीच्या दिशेने उतरला तर चालेल, आडवा गेलात तर पहिल्या दोन सऱ्यांतच पुढचं चाक मोडेल.

द्राक्षबाग आणि शेडनेट: कधीच नाही. वरून समान हिरवं, आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. विमान तारांत आणि माणूस अँगलवर.

डाळिंब: झाडं बुटकी, ओळी स्पष्ट. ओळीच्या मधून केबिन जाईल, पंख झाडं खातील. ऊर्जा पंखांत संपते, म्हणजे नाइलाज असेल तेव्हा वाईट नाही.

काळी रानं पावसात: भिजलेल्या काळ्या मातीत पुढचं चाक रुतलं की विमान उलटतं. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यातच, कडबनवाडीच्या शिवारात, सोलोवर (एकट्याच्या उड्डाणावर) असलेलं प्रशिक्षणाचं सेस्ना १५२ शेतात उतरताना उलटलं. विमानाची वाट लागली, प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर वाचली. शेत निवडलं की विमान जवळजवळ गेलंच असं समजा. प्रश्न फक्त आतल्या माणसाचा.

मुरमाड पड रान, हलकी बाजरी (जुलैत घोट्याएवढी), कापून झालेली ज्वारी (फेब्रुवारी-मार्चमध्ये): पहिली पसंती. इंदापूर पर्जन्यछायेत येतं, त्यामुळे जुलैतही अशी कोरडी रानं सापडतात. रंगावरून ओळखा. काळपट चकाकी म्हणजे ओल, भुरकट-तांबूस म्हणजे मुरूम. पण मुरमाच्या माळावर ओढ्याच्या घळी असतात, त्यांची सावली शोधा. आणि गवत उंच असेल तर खाली काय दगड आहेत ते देव जाणे.

बांध: आपल्याकडे शेतं लहान. एका शेताच्या लांबीत १५२ थांबेलच असं नाही, पक्क्या जमिनीवरही तिला टेकल्यापासून दीडशे मीटर लागतात. म्हणून लागोपाठची दोन-तीन रानं एकच पट्टी समजून बघा आणि मधला बांध कुठल्या टप्प्यावर येतो ते ठरवा. बांध शेवटी, कमी वेगात आला तर चाक मोडेल. सुरुवातीलाच, ताशी ९० किमीच्या वेगात आला तर विमान मोडेल. गोंदियाकडे धानाच्या बांध्या आणखी बारीक, धुरे दर वीस-तीस पावलांवर. पावसाळ्यात पाणी भरलेलं. तिथे हा हिशेबच बसत नाही.

शेततळी आणि कठडा नसलेल्या विहिरी. विहिरीजवळ सहसा एकटं झाड आणि मोटारीची पेटी असते, झाडावरून ओळखा.

उलटा_वारा

माळरान यांचा प्रतिसाद नीट वाचला तर त्यातच हायवेची बाजू आहे! पाऊस होऊन गेलेला जुलै, खाली एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला द्राक्षं, मध्ये पाणी साचलेली काळी रानं, आणि समोर पहाटे सहाचा जवळपास रिकामा द्रुतगती मार्ग. इथे रस्ता सोडून द्राक्षबागेत शिरणारा वैमानिक पुस्तकाला धरून चुकतोय. "रस्ता शेवटचा पर्याय" याचा अर्थ "रस्ता नाहीच" असा होत नाही.

मात्र रस्ता निवडायचा तर दुभाजक असलेलाच, आणि वाहतुकीच्या दिशेने. गणित सोपं आहे. १५२ टेकते साधारण ४८ नॉटला, म्हणजे ताशी ९० किमीच्या आसपास. मागून-पुढून जाणारी गाडीही ८०-१०० ने जातेय. म्हणजे एकमेकांच्या तुलनेत वेग जवळपास शून्य. तोंडासमोरून येणाऱ्या गाडीशी हाच आकडा १७०-१९० होतो.

आता वारा. १५ नॉटचा वारा तोंडावर असेल तर जमिनीवरचा वेग ३३ नॉट, पाठीवर असेल तर ६३. ऊर्जेत साडेतीन पटींहून जास्त फरक. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून समृद्धीवर मुंबईकडे जाणारी बाजू आणि सोलापूर हायवेवर पुण्याकडे जाणारी बाजू साधारणपणे वाऱ्याच्या तोंडाला पडते. दोन्ही गोष्टी जुळतात. उलट दिशेला, वाहतूक आणि वारा एकमेकांविरुद्ध असतील, तेव्हा रस्ता सोडून शेत घ्या, कारण दोन्हीपैकी एक वाईट स्वीकारावंच लागतं.

एक बाब लोक विसरतात: तोंडावर वारा असला की तुम्ही वाहतुकीपेक्षा हळू असता. ६० किमीने टेकून दीडशे मीटरच्या आत थांबलात तर धोका समोरचा नाही, मागच्या ट्रकचा आहे. ८० ने येणाऱ्या ट्रकला, ड्रायव्हरला कळून ब्रेक लागेपर्यंत सव्वाशे मीटर सहज लागतात, भरलेला असेल तर जास्त. म्हणून मागे किमान तीन-चारशे मीटर मोकळं असलेली जागा हवी. तेवढं नसेल तर टेकल्यावर कच्चकन ब्रेक मारू नका, विमान वाहू द्या आणि डावीकडे शोल्डरला घ्या. बॅटरी चालू असेल तर लँडिंग लाइट लावा. पुढचा ड्रायव्हर आरशात दिवा बघेल, आवाज त्याला ऐकू येणार नाही.

रात्री तर मी रस्त्याकडे आणखी झुकेन. अंधारातला काळा तुकडा उजनीचं पाणी आहे, टेकडी आहे की बाग, कळत नाही. गाड्यांचे दिवे मात्र रस्ता कुठे सरळ आहे आणि कुठे रिकामा आहे, दोन्ही दाखवतात. २ डिसेंबर २०२० ला अमेरिकेत मिनेसोटात एक बेलांका वायकिंग रात्री इंटरस्टेट-३५ डब्ल्यू वर वाहत्या रहदारीत उतरलं. एका एसयूव्हीला धडकलं, पण कुणालाही इजा नाही. वाहतुकीच्याच दिशेने होतं म्हणून.

पाचटकर

मिनेसोटाच्या रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या नसतात. नोव्हेंबर ते मार्च सोलापूर हायवेवर रात्री दिवे दिसत नाहीत म्हणून रस्ता रिकामा समजलात, तर तिथे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो, मागे एक फाटका रिफ्लेक्टर. राँग साइडने येणाऱ्या मोटारसायकली वेगळ्याच.

उलटा_वारा

मान्य. हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. गळीत हंगामात रात्री मी द्रुतगती मार्गाबद्दलच तसं म्हणेन, साध्या हायवेबद्दल नाही.

तिसरी_बाजू

वरच्या सगळ्या हिशेबात विमानात बसलेला माणूस आहे. खालचा माणूस फक्त अडथळा म्हणून आलाय. ते जरा सरळ करू.

२ एप्रिल २०१६, कॅलिफोर्निया, सॅन डिएगो काउंटी. लँकेअर फोर विमान इंटरस्टेट-१५ वर उतरलं आणि शोल्डरवर थांबलेल्या कारवर मागून आदळलं. कारमधली एक महिला गेली, पाच जण जखमी. हेच विमान २००० साली याच महामार्गावर सुखरूप उतरलं होतं. पहिल्या वेळी जमलं हा दुसऱ्या वेळचा आधार होत नाही. आणि लक्षात घ्या, ती कार लेनमध्ये नव्हती. "शोल्डरला घ्या" असं वर लिहिलंय, त्या शोल्डरवर आपल्याकडे पंक्चर झालेला ट्रक, त्याच्याखाली झोपलेला क्लीनर आणि कणसं विकणारी बाई असते.

२ ऑगस्ट २०१७, पोर्तुगाल, लिस्बनजवळचा कापारिकाचा समुद्रकिनारा. इंजिन गेलेलं सेस्ना १५२ गर्दीच्या वाळूवर उतरवलं. विमानातल्या दोघांना काही झालं नाही, वाळूवरचे दोघं गेले, त्यात एक लहान मुलगी. बंद इंजिनाचं विमान जवळपास आवाज करत नाही. कोंकणातल्या किनाऱ्यांबद्दल "किती छान लांब पट्टी" असं म्हणणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

प्रशिक्षणार्थी धोका माहीत असून विमानात चढतो. मोटारसायकलवर बायको-पोरांना घेऊन निघालेल्याने तो पत्करलेला नसतो. म्हणून माझ्या मते नियम असा हवा: लोक असतील तिथे उतरायचं नाही, मग तिथलं डांबर कितीही चांगलं असो. आपला पाय मोडण्याची शक्यता वाढली तरी.

बेस्टग्लाइड_६०

तिसरी_बाजू यांच्याशी सहमत, एका दुरुस्तीसह. निर्णय १,००० फुटांच्या वर असतानाच व्हायला हवा. तिथून रस्त्यावरची गर्दी दिसते, मोटारसायकल दिसत नाही. म्हणजे "रिकामा" याची खात्री करण्याएवढं खाली येता, तेव्हा बदलायची सोय संपलेली असते. रस्ता घ्यायचा तर शेजारचं रान डोळ्यात ठेवूनच घ्या. ३०० फुटांवर गाडी दिसली तर थोडं सरकून रानात जाता आलं पाहिजे. दोन्ही बाजूंना खोल चर, भराव किंवा घाटाची भिंत असलेला रस्ता म्हणूनच बाद. बोरघाटात सरळ तुकडा शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

आणि त्या उंचीनंतर मन बदलू नका. पहिलं रान साधारण होतं, शेवटच्या क्षणी पलीकडचं चांगलं दिसलं, तिकडे वळताना वेग पडला, पंख कलता असताना स्टॉल झाला: यातून सहसा कुणी वाचत नाही. साधारण रानात, ताब्यात असलेल्या विमानाने, पंख सपाट ठेवून आदळणं यापेक्षा पुष्कळ बरं.

टेकायची जागा पट्टीच्या पहिल्या एक तृतीयांश भागाच्या शेवटी धरा. तिथे पोचतोय याची खात्री झाली की फ्लॅप (पंखामागून खाली सोडायचे पाळे) टाकून, साइडस्लिप करून (तिरकं घसरत) जवळ आणता येतं. कमी पडलात तर काहीच करता येत नाही. पलीकडच्या बांधाला १५ नॉटच्या वेगात लागणं चालेल, अलीकडच्या तारेला ६० नॉटच्या वेगात नाही.

शेवटच्या पाचशे फुटांतलं काम, १५२ साठी: फ्लॅप वर असताना ६५ नॉट, खाली असताना ६०. मिक्श्चर आयडल कट-ऑफ, फ्युएल व्हॉल्व्ह ऑफ, इग्निशन ऑफ. फ्लॅप ३० अंश. आणि मग मास्टर (विजेचा मुख्य स्विच) ऑफ. हा क्रम उलटू नका: सेस्नाचे फ्लॅप विजेवर चालतात, मास्टर आधी पाडलात तर फ्लॅप जिथे आहेत तिथेच राहतील आणि टेकण्याचा वेग वाढेल. लँडिंग लाइटही तेव्हाच जाणार, म्हणून रस्त्यावर उतरताना मास्टर अगदी शेवटी. दारं अनलॅच करून ठेवा, नाहीतर चौकट वाकली की आतच अडकाल. खांद्याचा पट्टा घट्ट. चष्मा आणि खिशातलं पेन काढून टाका. शेपटी किंचित खाली ठेवून मुख्य चाकांवर टेका, योक (हातातलं स्टीअरिंग) पोटाशी, पुढचं चाक जितकं उशिरा टेकेल तितकं चांगलं.

तार अगदी शेवटी दिसली तर विमान वर खेचू नका. वेग नसतो, स्टॉल होऊन तारेवरच पडाल. खालून जागा असेल तर खालून जा. जागा नसेल आणि वेग पुरेसा शिल्लक असेल तर खांबाच्या डोक्यावरून जा. तारेची सर्वात वरची जागा तीच, मध्ये ती झोळ खाते.

टेकऑफनंतर ४००-५०० फुटांवर इंजिन गेलं तर ही सगळी चर्चा बाजूला. परत धावपट्टीकडे वळायचं नाही. समोर, डावी-उजवीकडे ३० अंशांत जे असेल ते.

कागदपत्रं

कायद्याचं राहिलं. आंतरराष्ट्रीय हवाई नियमांतच वैमानिकाला ही मुभा आहे: सुरक्षेसाठी अत्यावश्यक असेल तेव्हा पायलट-इन-कमांड नियमांपासून ढळू शकतो. म्हणून "रस्त्यावर का उतरलात" यापेक्षा "इंजिन का थांबलं" या प्रश्नावर चौकशी जास्त वेळ घालवते. टाकी मोजपट्टीने मोजली होती का, सकाळी सम्पमधून (टाकीच्या तळातून) पाणी काढून बघितलं होतं का, इंधनाचा हिशेब नेव्हिगेशन लॉगमध्ये आहे का. इंधन संपून खाली आला असाल तर रस्ता काय आणि शेत काय, उत्तर द्यावं लागणारच.

उतरल्यावर: आधी बाहेर, वारा येतोय त्या बाजूला, पंखांपासून लांब. १५२ मध्ये जवळपास शंभर लिटर अॅवगॅस (विमानाचं पेट्रोल) असू शकतं, आणि बघायला येणाऱ्यांपैकी एकाच्या तोंडात विडी असतेच. ११२ ला फोन, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला पण. रस्त्यावर असाल तर विमान सोडून आधी मागे धावा आणि वाहतूक थांबवा, दोनशे मीटर मागे जाऊन. डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं) आणि विमान अपघात चौकशी ब्युरोला लवकरात लवकर, २४ तासांच्या आत कळवायचं. हे काम प्रशिक्षण संस्था करते, पण वेळ तुम्ही लिहून ठेवा.

विमान परवानगीशिवाय हलवायचं नसतं. अपवाद म्हणजे माणसं काढणं, आग रोखणं आणि लोकांना किंवा वाहतुकीला असलेला धोका टाळणं. म्हणून हायवेवर आडवं पडलेलं विमान बाजूला घेता येतं, पण त्याआधी चारी बाजूंनी फोटो, चाकांच्या खुणांचा फोटो, आणि कॉकपिटमधल्या स्विचेसचा फोटो. फ्युएल व्हॉल्व्ह, मिक्श्चर, कार्ब हीट ज्या स्थितीत आहेत त्या तशाच राहू द्या. मदतीला आलेले लोक प्रोपेलर धरून ढकलायला जातात, त्यांना आधी अडवा: मॅग्नेटोची वायर तुटलेली असली तर स्विच ऑफ असूनही प्रोपेलर हाताने फिरवल्यावर इंजिन झटका देऊ शकतं. ढकलायचं तर स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या) मुळाशी धरून.